जेट सेट रेडिओ: दिसायला देखणा, खेळायला हेकट, तरी माझा पहिला नंबर

घसरगुंडी
मागे आवडत्या पाच गेमांची यादी टाकली तेव्हा मी 'जेट सेट रेडिओ' सगळ्यात वर ठेवला होता. लगेच तिघांनी विचारलं, "कंट्रोल्स आठवतायत का?" आठवतायत, चांगलेच आठवतायत. म्हणून हा धागा.

नावच ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २००० साली सेगाच्या ड्रीमकास्ट या गेम मशीनवर आलेला गेम, स्माइलबिट या त्यांच्याच टीमने केलेला. अमेरिकेत तो 'जेट ग्राइंड रेडिओ' या नावाने निघाला. टोकियो-तो नावाचं शहर, म्हणजे टोकियोच, फक्त अंगात आलेलं. पायात स्केट्स, हातात स्प्रेचे डबे. दुसऱ्या टोळ्यांच्या ग्राफिटीवर आपली ग्राफिटी मारायची, पोलिसांना चुकवायचं, वर घड्याळ उलटं पळतंय. आणि प्रोफेसर के नावाचा डीजे त्याच्या चोरट्या रेडिओवरून आपल्याला चिथावणी देत असतो.

आता मुद्दा. 'स्टाइल भारी, पण खेळायला बोगस' असं सगळे म्हणतात. मला ही दोन खाती वेगळी करताच येत नाहीत. छोटी ग्राफिटी एका बटणात होते. मोठी असेल तर जागेवर थांबावं लागतं. पडद्यावर बाण येतात, तशी स्टिक फिरवायची: पाव गोल, अर्धा गोल, मग उलट्या बाजूने. प्रत्येक फटकाऱ्याला चित्र थोडं पुढे सरकतं. आपलं तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे, आणि मागून पोलिसांचा कॅप्टन ओनिशिमा ते लांबलचक पिस्तूल परजत येतोय. दोन फटकारे राहिलेत. मारून घेऊ की सुटू? माझ्यासाठी अख्खा गेम या दोन सेकंदांत आहे. ते चित्र देखणं नसतं तर मी तिथे थांबलेच नसते.

चौकोनी चाक
लिहिलंयस छान, पण असहमत.

दोन सेकंदांचं काव्य ठीक आहे. त्या भिंतीपर्यंत पोचायला लागणाऱ्या चार मिनिटांचं काय? कॅमेरा पाठीमागे आणायचं बटण आणि स्प्रे मारायचं बटण एकच! खुणेपाशी उभा राहून कॅमेरा सरळ करायला गेलो की याने रंग उडवायला सुरुवात केलीच. वळायला सांगावं तर मालट्रक बरा. रेलवरून उडी हुकली की थेट खाली, परत पहिल्यापासून चढा, घड्याळ काही थांबत नाही. टोनी हॉकचा पहिला 'प्रो स्केटर' हा स्केटबोर्डचा गेम याच्या आधी, १९९९ मध्ये आला. त्यात बोट हललं की बोर्ड हलायचा. म्हणजे तेव्हा जमत नव्हतं असंही नाही.

मिनिटकाटा
मी मधल्या पार्टीचा. :) २००२ चा 'जेट सेट रेडिओ फ्यूचर' खेळा (पहिल्या एक्सबॉक्सवरचा) आणि हे भांडण मिटवा. घड्याळ काढलं, वेग वाढवला, आणि मोठी ग्राफिटीसुद्धा न थांबता, जाता जाता ट्रिगर दाबून. चौकोनी चाकच्या सगळ्या तक्रारी तिथे सुटल्या आहेत.

घसरगुंडी
@मिनिटकाटा, सुटल्या, पण माझे ते दोन सेकंदही त्यांच्याबरोबर गेले. 'फ्यूचर'मध्ये ग्राफिटी म्हणजे धावता धावता शिक्का मारणं. घसरायला मजा येते, नाही म्हणत नाही. शहर जास्त मोठं आहे, वाट चुकण्यातही गंमत आहे. पण पाठीवर भीती नाही. (आणि खेळा म्हणणं सोपं आहे. तो गेम नव्या मशिनांसाठी परत काढलाच नाही. जुनी डिस्क शोधा, ती चालेल असं मशीन शोधा.)

@चौकोनी चाक, कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. तो वाईटच आहे. पण टोनी हॉकशी तुलना मला पटत नाही. तिथे ट्रिक हाच खेळ, बोटांनी रचायचा. इथे ट्रिकला बटणच नाही. वेगात उडी मारली की पोरगं आपलं आपण गिरकी घेतं. आपलं काम फक्त वाट शोधण्याचं: कुठल्या कठड्यावरून कुठल्या तारेवर, तिथून कुठल्या छपरावर. वळण जड आहे म्हणून वाट आधी डोक्यात आखावी लागते. निदान मला तरी आखावी लागते.

चौकोनी चाक
"वळण जड आहे म्हणून विचार करावा लागतो." याला माझ्या भाषेत खोट झाकणं म्हणतात. नॉस्टॅल्जिया आहे गं हा, दुसरं काही नाही.

नुसताच वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. २००० मध्ये माझा जन्मही झाला नव्हता, तेव्हा तो आरोप मला लागू नाही. मी २०१२ ची एचडी आवृत्ती खेळलो, पीसीवर. त्यात उजव्या स्टिकवर कॅमेरा दिलाय, त्यामुळे चौकोनी चाक यांचं निम्मं दुःख कमी व्हावं.

मला ज्याने धरून ठेवलं तो म्हणजे गेममधल्या शहराचा एक भाग, कोगाने-चो. शिबुया-चोला दिवस, बेंतेन-चोला रात्र, आणि कोगाने-चोला कायम मावळतीचं ऊन. पत्र्यांची छपरं, मधून पाणी, सगळ्यावर नारिंगी झाक. सेल-शेडिंग, म्हणजे सपाट रंग आणि भोवती जाड काळी रेघ. त्या काळातले खरेखुरे दिसायला गेलेले गेम आज मेणाच्या पुतळ्यांसारखे वाटतात. हा खरं दिसायच्या भानगडीतच पडला नाही, त्यामुळे शिळा झाला नाही. आणि हिदेकी नागानुमाचं संगीत! आवाजांचे तुकडे कापून असे जोडलेत की शब्द कळत नाहीत आणि तरी दिवसभर तोंडात बसतात.

वळण मात्र खरंच ट्रकसारखं आहे. सॉरी, घसरगुंडीताई.

मिनिटकाटा
"सॉरी, घसरगुंडीताई" :D

चौकोनी चाक
दिसणं आणि संगीत याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण मग टीम रेप्टाइलचा 'बॉम्ब रश सायबरफंक' आहे की, २०२३ चा. तोच थाट, नागानुमाची गाणीसुद्धा आहेत, आणि हात धड चालतात. तो का नाही पहिल्या नंबरावर?

घसरगुंडी
खेळले. आवडला. वीस-एक तासांत संपवला आणि ठेवून दिला. त्यात मी कधी घाबरले नाही.

आणि नॉस्टॅल्जियाचं म्हणशील तर, थोडा असेलच. पण तो धरून ठेवायला काहीतरी खुंटी लागते. त्याच वर्षी खेळलेल्या दहा गेमांची मला आज नावंही आठवत नाहीत. याच्यातली बस टर्मिनसमागची एक भिंत आठवते, जिथे मी तीनदा पकडले गेले आणि चौथ्यांदा शेवटचा फटकारा मारून मग गोळी खाल्ली. चित्र पूर्ण झालं होतं. मोजलं गेलं.

चौकोनी चाक
बरं. एचडी पडून आहे माझ्याकडे. आज लावतो, फक्त तुला चुकीचं ठरवायला.

चौकोनी चाक
लावला. शिबुया-चो. एक भिंत राहिली आणि वेळ संपली. मत बदललेलं नाही, कॅमेरा उजव्या स्टिकवर असूनही भिकार आहे. ती राहिलेली भिंत वरच्या तारेवरून लवकर गाठता येते का, की खालूनच जावं लागतं?