मदत हवी आहे: मोठ्या भावाला डिप्रेशन असावं असं वाटतंय, सोलापुरात कुठं दाखवावं?

सूतगुंता:
भाऊ ४६ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत, धंदा मंदा आहे पण बंद नाही. दिवाळीपासून माणूसच बदललाय. पहाटे तीनला जाग येते ते परत झोप नाही, वजन उतरलंय, कारखान्यापर्यंत जातो आणि गाडी स्टँडला लावून तसाच गाडीवर बसून राहतो, आतून कामगार बोलवायला येईपर्यंत. रडणं वगैरे काही नाही, उलट चिडचिड, पोरीनं टीव्हीचा आवाज वाढवला तरी अंगावर धावून जातो. दरवर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत चालणारा माणूस यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेला, घराबाहेर पडला नाही, तिथं मला खटकलं. पाठ दुखते, पोट बिघडतं म्हणून डॉक्टर झाले, रिपोर्ट नॉर्मल. आई म्हणते दृष्ट लागलीय. आणि परवा जेवताना सहज म्हणाला, मी नसलो तरी तुमचं चालतंय की.

आधी काउन्सेलर का डायरेक्ट सायकिअॅट्रिस्ट? गोळ्या जन्मभर लागतात का? आणि न्यायचं कसं, विषय काढला की ‘मला येड्यात काढालाय का’ म्हणून उठतो. खरी भीती वेगळीच आहे, सूत उधारीवर येतंय, बाजारात कळलं तर व्यापारी हात आखडता घेतील असं त्याला वाटतं.

योगी९९:
सकाळी तलावावर फिरायला न्या, मन रमेल. रिकामं डोकं सैतानाचं घर.

कडकभाकरी:
फिरायला न्याच, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. वडिलांचं असंच झालं होतं म्हणून लिहितोय. दोन आठवड्यांच्या वर रोज असं चाललं असेल तर डॉक्टर ते आजार म्हणूनच बघतात, आणि पुरुषांमध्ये बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिड आणि अंगदुखीच दिसते. तुमच्या केसमध्ये डायरेक्ट सायकिअॅट्रिस्ट, कारण गोळ्या तेच लिहून देतात, काउन्सेलिंग सोबत चालू करता येतं. थायरॉइड आणि बी-१२ झालं नसेल तर करून घ्या, त्यानंही असं होऊ शकतं. डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन-चार आठवडे जातात, तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून लोक सोडतात. बरं वाटल्यावरसुद्धा मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. ओळखीचं कोणी भेटेल वाटत असेल तर आधी १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसुद्धा विचारू शकता. न्यायचं तर ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा, खोटं नाही ते.

ते ‘मी नसलो तरी’ मात्र सोडू नका. आजच एकटं गाठून सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या, औषधं कुलपात, आणि तडक सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला.

सूतगुंता:
विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला येतात कधीकधी, पण करणार नाही काही. वहिनीला सांगितलंय, तो आत्ता आमच्याकडंच आहे, १४४१६ ला बोललो, ते पण आजच दाखवा म्हणाले. झोपेचं कारण चाललं, यायला तयार झालाय. निघालोय. कॅज्युअल्टीला मानसोपचारवाले डॉक्टर रात्री असतात का बोलवावे लागतात, कोणाला माहितेय?

कडकभाकरी:
बोलवून घेतात. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि जेवणात काय बोलला ते त्याच शब्दांत सांगा. मी जवळच आहे, येऊ का?