टँक खेळतोय, पण सगळे शत्रू हीलरच्या मागे लागतात. मदत हवी आहे

ढालतलवार:
तातडीने मदत हवी आहे. काल रात्री एकाच डंजनमध्ये तीनदा पार्टी मेली. तिसऱ्या वेळी हीलर (पार्टीचं रक्त भरणारा) एक शब्द न बोलता निघून गेला. मी टँक आहे. समोरच्या शत्रूला मारत असतो, तेवढ्यात बाकीचे जाऊन हीलरला धरतात. प्रोव्होक (शत्रूला आपल्याकडे खेचणारं बटण) मारतो, त्याने एकच परत येतो, तोवर हीलर आडवा. नवीन ढाल घेतली, काही फरक नाही. व्हिडिओ पाहून झाले, सगळे शेवटच्या लेव्हलचे आहेत. ॲग्रो, म्हणजे शत्रूंचं लक्ष, माझ्यावर धरून कसा ठेवायचा एवढंच सांगा. आज रात्री परत जायचंय.

जुना_गडी:
थंडर क्लॅप मारत राहा, शील्ड स्लॅम रिकामा ठेवू नका. मी कित्येक वर्षं वॉवमध्ये (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) प्रोटेक्शन वॉरियर खेळतोय, एवढ्यावर कुठलाही घोळका अंगावर राहतो. सरावाला फॉलोअर डंजन आहेत, २०२४ च्या सुरुवातीला आले. सोबत कॉम्प्युटरचे साथीदार असतात, कोणी ओरडत नाही.

मावळा२२:
गेम कुठला ते लिहिलंच नाहीये धागाकर्त्याने. रणगाड्यांचा गेम असेल तर कवच समोरच्या तोफेला तिरकं ठेवा, गोळा घसरून जातो. सरळ छाती दाखवून उभं राहू नका.

ढालतलवार:
अहो रणगाडा नाही! फायनल फँटसी १४. ग्लॅडिएटर. हॉक मॅनर डंजनमध्ये अडकलोय. थंडर क्लॅप वगैरे मला नाही.

पांढरी_जादू:
लेव्हल किती? घोळका आला की कुठली बटणं दाबता, क्रमाने लिहा. आणि आयर्न विल, म्हणजे शत्रूंना अंगावर ओढणारा टँकचा स्टान्स, चालू असतं का?

कुऱ्हाड_घे:
ग्लॅडिएटर सोड भावा, मरॉडर घे, ३० ला वॉरियर हो. पुढे ५६ ला रॉ इंट्युइशन मिळालं की स्वतःच स्वतःला भरतो. हीलर मेला तरी डंजन संपवतो आम्ही. ग्लॅडिएटरचा पुढे पॅलादिन होतो, तो सुरुवातीला फार रडवतो.

ढालतलवार:
लेव्हल २८. फास्ट ब्लेड, रायट ब्लेड, रेज ऑफ हॅलोनी. मग परत तेच. टोटल इक्लिप्स आहे पण एकेकाला डॅमेज कमी बसतो, म्हणून बारवर ठेवलेलं नाही. आयर्न विल १० लेव्हललाच लावून टाकलंय.
@कुऱ्हाड_घे, २८ पर्यंत आणलंय, आता परत एकपासून सुरू नाही करणार.

निफाडकर:
पिंग किती येतो? मी युरोपच्या डेटा सेंटरवर आहे. पावसाळ्यात लाइन अशी होते की जमिनीवरच्या केशरी खुणेबाहेर पळालो तरी फटका बसतो.

कुऱ्हाड_घे:
तो लॅग नाही रे. मार बसायचा की नाही हे शत्रूची कास्टची पट्टी संपते तेव्हाच ठरतं. स्फोट नंतर दिसतो. पट्टी बघून निघ.

निफाडकर:
अरे हे माहीत नव्हतं. पण पिंगचंही बघतोच. बारा बटणांचा माउस घेतलाय, धागाकर्त्यालाही सुचवेन. सगळे कूलडाउन अंगठ्यावर येतात.

पांढरी_जादू:
माउस राहू द्या. @ढालतलवार, "लावून टाकलंय" म्हणजे नक्की कधी? मधे दुसऱ्या जॉबवर जाता का?

ढालतलवार:
हो, दिवसा आर्चर. डीपीएसला (नुसता डॅमेज करणाऱ्याला) रांगेत ताटकळावं लागतं, टँकला लगेच आत घेतात, म्हणून रात्री ग्लॅडिएटर.

पांढरी_जादू:
मग इथेच आहे सगळं. जॉब बदलला की स्टान्स निघून जातो. आर्चरवरून ग्लॅडिएटरवर आलात की आयर्न विल बंदच असतं, पुन्हा दाबावं लागतं. काल तिन्ही वेळा तुम्ही ढाल घेतलेले डीपीएस होता.

आता माझ्या बाजूने काय दिसतं ते सांगते. मी व्हाइट मेज, म्हणजे हीलर, खेळते. मी तुम्हाला एक क्युअर टाकला की लढाईतल्या प्रत्येक शत्रूच्या यादीत माझं नाव चढतं, मी कोणाला हात लावला नसला तरी. तुम्ही चारातल्या एकालाच मारत असाल तर उरलेल्या तिघांच्या यादीत फक्त मीच असते, मग ते माझ्याकडेच येणार. म्हणून टोटल इक्लिप्स बारवर आणा, पहिल्या जागी. ते तुमच्याभोवती गोल बसतं, सगळ्यांना थोडं थोडं. दोन शत्रू असले तरी तेच. एकच उरला की मग फास्ट ब्लेड.

पडद्यावर शत्रूंची यादी असते, प्रत्येकाच्या नावापुढे छोटी खूण. लाल चौकोन म्हणजे तो तुमच्यावर आहे. केशरी त्रिकोण दिसला की तो दुसऱ्याकडे वळलाय. पिवळा त्रिकोण, हिरवा गोल म्हणजे तुम्ही त्याच्या खिजगणतीत नाही. लढताना शत्रूच्या अंगाकडे बघू नका, या यादीकडे बघा. लांबच्याला शील्ड लॉब मारा, प्रोव्होक अगदी निसटलेल्यासाठी ठेवा.

जुना_गडी:
ताईंना +१. गेम कुठलाही असो, नजर यादीवर हवी. आमच्याकडेही नवे टँक एकालाच झोडत बसतात.

कुऱ्हाड_घे:
स्टान्सचं बरोबर. पण मग भित्र्यासारखं एकेक घोळका करू नकोस. बंद दार येईपर्यंत सगळे ओढ, तिथे थांबून मार. डीपीएसना पण मजा येते.

पांढरी_जादू:
कुठल्या लेव्हलचं बोलताय? होली मला ४५ ला मिळतो, त्याने घोळका बधिर होतो आणि टँकला श्वास मिळतो. २८ च्या कॉन्जररकडे (व्हाइट मेजची आधीची पायरी) त्यातलं काही नसतं, क्युअर टू सुद्धा ३० ला येतो. आणि यांच्याकडे तरी काय आहे? रॅम्पार्ट, २० टक्के मार कमी, २० सेकंद, मग ९० सेकंद वाट बघा. आणि २२ ला मिळालेलं रिप्रायझल. आर्म्स लेंग्थ ३२ ला, सेंटिनेल ३८ ला. आधी एक घोळका नीट धरू द्या, मग दोन.

कुऱ्हाड_घे:
बरं, ४५ च्या आधी दोन घोळके बास. पण दोन तरी ओढच.

पांढरी_जादू:
दोनला माझी ना नाही. रॅम्पार्ट आणि रिप्रायझल एकदम उडवू नका एवढंच. पहिलं संपलं की दुसरं. रॅम्पार्ट घोळका जमल्या जमल्या दाबा. रक्त अर्ध्यावर आल्यावर दाबलंत तर सगळ्यात मोठा मार तोवर खाऊन झालेला असतो, कारण तेव्हा सगळे शत्रू जिवंत असतात.

आणि दाराआड जाऊन लढू नका. हॉक मॅनरमध्ये खोल्याच खोल्या आहेत. मी दालनात, तुम्ही भिंतीपलीकडे, माझा क्युअर लागतच नाही. मला लिहायलाही वेळ नसतो. एका जागी थांबा, तोंड पार्टीच्या विरुद्ध दिशेला.

अंगावरचं चिलखत कुठल्या लेव्हलचं आहे? ढाल नवीन म्हणालात, बाकीचं?

ढालतलवार:
बघून सांगतो.
अंगरखा ११ चा आहे. बूट १३ चे. आर्चरचेच कपडे नवीन घेत गेलो.

पांढरी_जादू:
आज जायच्या आधी ते बदला. आणि पार्टीबरोबर जायच्या आधी एकदा ड्यूटी सपोर्ट (कॉम्प्युटरचे साथीदार) घेऊन हॉक मॅनर करा. एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून सुरुवातीच्या कथेतल्या डंजनना ते आहे, फ्री ट्रायललाही चालतं. साथीदार घाई करत नाहीत, यादी बघायची सवय होते. मी जपानच्या सर्व्हरवर आहे, नाहीतर आले असते सोबत.

ढालतलवार:
जाऊन आलो. आत्ता दीड वाजलाय.
ग्लॅडिएटरवर आल्यावर बघितलं, आयर्न विलची खूण नव्हतीच. म्हणजे काल त्या हीलरची काही चूक नव्हती, आणि मी मनात त्यालाच बोल लावत होतो. त्याला सांगायचीही सोय नाही.
ड्यूटी सपोर्टने एकदा, मग पार्टीबरोबर दोनदा. पहिल्यांदा जिन्यावर एकजण निसटला, केशरी त्रिकोण दिसला, शील्ड लॉबने परत आणला. दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत सगळे लाल चौकोन. हीलरने कमेंडेशन (शाबासकीचा गुण) दिलं असावं, एक वाढलंय. पांढरी_जादू ताई, मनापासून आभार. कुऱ्हाड_घे, दोन घोळके ओढले, जमले.
पुढचं डंजन ब्रेफ्लॉक्स का?

कुऱ्हाड_घे:
हो, ३२ ला. तोवर पॅलादिन झालेला असशील. शेवटी ड्रॅगन आहे, त्याचं तोंड पार्टीकडे वळू देऊ नकोस.

निफाडकर:
मी युरोपवर आहे, कॉन्जरर २९. तू पण युरोपवर असशील तर ब्रेफ्लॉक्सला बरोबर जाऊ. फ्री ट्रायलवर असशील तर पार्टी बनवता येत नाही, आमंत्रण मी पाठवतो. सर्व्हर कुठला ते व्यनि कर.