बोक्याचे ठोके अनियमित, औषध लगेच सुरू करावं का?

प्रश्न: बोका ९ वर्षांचा. ईसीजीत मधूनमधून व्हेंट्रिकलचे (हृदयाच्या खालच्या कप्प्याचे) जादा ठोके दिसले. अ‍ॅटेनोलॉल (ठोके मंद करणारं औषध) द्यायचं का?

उत्तर १: आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. मांजरात असे ठोके बहुधा हृदयाचा स्नायू जाड झाल्याने येतात. सोबत टी-४ (थायरॉइडची रक्ततपासणी), रक्तदाब, पोटॅशियम तपासा. या वयात थायरॉइड वाढलेलं असू शकतं. दवाखान्यात मिनिटाला १४० ते २२० ठोके नेहमीचेच. मांजराच्या ईसीजीतल्या लहरी बुटक्या असतात, म्हणून पट्टी ५० मिमी प्रतिसेकंद वेगाने आणि दुप्पट सेन्सिटिव्हिटीवर काढायला सांगा, नाहीतर पी लहर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लहर) हरवते.

उत्तर २: ठोके १०० च्या आसपास अडकले असतील तर एव्ही ब्लॉकची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश अडण्याची) शंका घ्या, तिथे अ‍ॅटेनोलॉल घातक. बोक्याची लघवी तुंबली तरी पोटॅशियम चढून ठोके मंदावतात. लघवी तुंबली असेल तर दवाखान्यात न्यायला थांबू नका.

उत्तर ३: इकोत डावी कर्णिका (हृदयाचा डावा वरचा कप्पा) मोठी दिसली तर रक्ताच्या गुठळीची भीती. तेव्हा डॉक्टर सहसा क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखणारं औषध) देतात, ७५ मिग्रॅ गोळीचा पाव तुकडा रोज एकदा. भयंकर कडू! रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरूनच द्या, नाहीतर तोंडाला फेस येतो. बोका गाढ झोपेत असताना त्याचे श्वास मोजत चला. मिनिटाला सतत ३० च्या वर गेले तर फोन करा. मागचे पाय अचानक गार आणि लुळे पडले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.