मदत हवी आहे: बागेतली छोटी रेल्वे परत चालू करायचीय
नमस्कार मंडळी, बाबांनी आमच्या सिंहगड रोडच्या घरामागे 45 मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 45 मिमी) रेल्वे केली होती, मी सात वर्षं बाहेर होतो आणि आता येऊन बघतो तर रूळ गवताखाली, पितळ काळं पडलेलं, जास्वंदीच्या मुळांनी वळण चक्क बोटभर उचललंय. एक तुकडा पुसला तर खालून पिवळंधमक पितळ निघालं, इतकं बरं वाटलं! पण वीज रुळांतूनच जाते ना, सांध्यांत माती बसलीय त्यामुळे इंजिन दोन हात जाऊन थांबतं. सांधे उघडून साफ करू की प्रत्येक सांध्यावर वायर सोल्डर करू? सँडपेपर टाळतोय, ओरखड्यांत घाण लवकर बसते. आणि आपल्या पावसात टिकायला खाली खडी बरी की काँक्रीट? दिवाळीला बाबांना एक फेरी तरी दाखवायचीय.