आधी झाकण द्या, मग पाककृती

सांजवारा:
कमी उत्पन्नाच्या घरांना स्वस्त आणि कमी इंधनात होणारा स्वयंपाक शिकवायचे वर्ग मी दोन वर्षं घेतले. आता माझं मत ठाम झालंय: आधी भांडी द्या, शिकवणं मागाहून. "झाकण ठेवून शिजवा," असं मी सांगत होते, तेव्हा एक ताई हळूच म्हणाल्या, "पातेल्याचा काठ चेपलाय, वर ताट ठेवते, ते डुगडुगतं." त्या फटीतून किती जातं बघा. लिटरभर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहापटीहून जास्त ते पूर्ण आटवायला लागते. म्हणजे छोटी वाटीभर पाणी वाफ होऊन उडालं, की लिटरभर पाणी तापवण्याचं इंधन गेलं! जिच्याकडे धड झाकण नाही तिला काटकसर ऐकवायची मला लाज वाटते.

निशिगंध:
ताई, कळकळ पोचली, पण पटलं नाही. आमच्याकडे वाटलेल्या कुकरांपैकी एकाचं रबर सैल झालं, नवं कुणी दिलं नाही, कुकर माळ्यावर गेला. ज्यांचे चालू होते त्यांच्याकडेही आच शेवटपर्यंत मोठी. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये साधारण 120 पर्यंत जातं, म्हणून तो लवकर शिजवतो. पण दाब आल्यावर आच बारीक केली नाही, तर शिट्टीवर शिट्टी होते आणि इंधन वाफेवाटे जातं. हे भांडं सांगत नाही, माणूस सांगतो.

पाखरू:
तुम्ही दोघी वेळेबद्दल बोलतच नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईला वर्गही नको आणि चुलीपाशी उभं राहणंही नको. पातेलं दणदणीत उकळलं की खाली उतरवायचं, झाकणासकट जुन्या गोधडीत गच्च गुंडाळायचं. पातेलं मोठं आणि भरलेलं असेल तर आतल्या उष्णतेवर भात होतो, डाळ होते. मी वर्षानुवर्षं करते. खर्च शून्य.

निशिगंध:
पाखरूताई, युक्ती छान, पण राजम्याला नको! कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, मंद उष्णतेनं ते जात नाही. पाच तास तरी भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचा, मगच पुढचं. हे न सांगता गोधडी शिकवली तर पोरं उलट्या करतील. शिकवणं मागाहून कसं चालेल?

सांजवारा:
राजम्याचं मान्य. ते पहिल्याच दिवशी सांगेन, आणि रबर बदलून द्यायची सोयही वर्गातच ठेवेन. पण त्या ताईंना या वेळी रिकाम्या हातानं पाठवणार नाही. घट्ट बसणाऱ्या झाकणाचं पातेलं आधी त्यांच्या हातात, शिकवणं त्याच पातेल्यात.