इम्प्लांट काढल्यावर ताठरता परत येते का?

देवगडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. वय ५६, शुगर १५ वर्षांपासून. गोळ्या, इंजेक्शन सगळं करून थकलो तेव्हा मुंबईत ताठरतेसाठी लिंगात पंपवालं इम्प्लांट बसवलं. दोन वर्षं मस्त चाललं, पण या पावसाळ्यात खालच्या पिशवीत पंपाच्या जागी दुखायला लागलं, मग लाली, मग पू, शेवटी सगळंच काढलं. तीन महिने झाले, जखम भरली. सकाळी थोडं भरल्यासारखं होतं पण ताठ काही होत नाही, ताठरतेची १०० ची गोळी घेतली तर नुसतं डोकं दुखलं. लांबी पण कमी वाटते. इथे विचारणार कोणाला, मेडिकलवाला चुलतभावाचा वर्गमित्र! त्यात मोहोराचे दिवस, फवारणी सोडून मुंबईला जाणं होत नाही. हळूहळू येईल म्हणून थांबू का?

मिऱ्याचा_वारा
दादा थांबू नका. मी आठ महिने थांबलो याच आशेवर. दुसऱ्यांदा बसवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले आतून काथ्यासारखं घट्ट झालंय, ऑपरेशन लांबलं आणि बारीक साईझचंच बसलं. चालतंय, पण पहिल्यासारखं नाही.

साधा_माणूस
शिलाजित घ्या दुधातून, दोन महिन्यात फरक.

ओटी_चिपळूण
शिलाजितवाले, जरा दमानं. मी डॉक्टर नाही, ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. लिंगाच्या आत मुळातच दोन नळ्या असतात, स्पंजसारख्या, त्यात रक्त भरलं की ताठरता. इम्प्लांट बसवताना त्याच नळ्या रुंद करतात, स्पंज दाबला जातो, फाटतो, आणि काढल्यावर तिथे व्रण धरतो. मग गोळीने रक्त वाढवून ते साठणार कुठे? सकाळी भरतं ते उरलेल्या स्पंजमुळे. संभोगाएवढं स्वतःहून परत येणं फार क्वचित. संवेदना आणि वीर्यपतनाच्या नसा वेगळ्या असतात, ते सुख बहुतेकांचं शाबूत राहतं, हे वहिनींनाही सांगा.
युरोलॉजिस्टला दोन गोष्टी विचारा: नवीन कधी बसवता येईल, आणि तोवर लांबी टिकवायला बाहेरून लावायचा व्हॅक्यूम पंप चालेल का. कधीकधी जंतुसंसर्गातही आतून धुऊन त्याच वेळी दुसरं किंवा साधी वाकणारी दांडी बसवतात, जागा मिटत नाही, तुमचं का नाही केलं ते केस बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. दुसऱ्या वेळी जंतुसंसर्गाचा धोका जास्त, म्हणून शुगर आधी. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर ती १०० ची गोळी चुकूनही नको, बीपी धाडकन पडतं.

देवगडचा_बागायतदार
नायट्रेट नाही, पण गोळी मी कोणाला न विचारताच घेतली होती हे खरं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९ आहे, तेच आधी निस्तरतो. ही म्हणते एवढ्यासाठी परत चिरफाड कशाला, पण सुख जात नाही हे वाचून दाखवलं तर हसली. फवारणी गड्यावर सोपवून पुढच्या सोमवारची गाडी पकडतो. कणकवलीहून सकाळची कुठली बरी पडते?