क्वीन्समधला तपकिरी डबा: उंदीर कशाने येतात?

या चर्चेत दोघांनी लिहिलंय की न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये खरकटं कंपोस्टसाठी (खतासाठी) वेगळं ठेवायच्या तपकिरी डब्यामुळे गल्लीत उंदीर वाढणार. खरं तर उलट आहे. खरकटं काळ्या पिशवीत भरून फुटपाथवर ठेवलं की उंदीर ती रात्रीत कुरतडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात त्यांना शिरता येत नाही. झाकणाची कडी तुटली असेल तर मात्र डबा आजच बदला. ५५ गॅलनपर्यंतचा, घट्ट झाकणाचा कुठलाही डबा चालतो, फक्त त्यावर कंपोस्टचं लेबल हवं.

क्वीन्समध्ये खरकटं वेगळं उचलण्याची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू झाली, पाचही बरोंमध्ये (न्यूयॉर्क शहराच्या विभागांमध्ये) ते वेगळं काढणं ६ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं झालं. तेव्हा 'ठेवायचा की नाही' हा वाद आता संपलाय. प्रश्न वासाचा आणि अळ्यांचा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

उन्हाळ्यात माशीची अंडी दिवसभरात फुटतात. म्हणून कोलंबीची सालं, माशांचे काटे, चिकनची हाडं फ्रीझरमध्ये ठेवा आणि उचलायच्या आदल्या संध्याकाळीच डब्यात टाका. चहाचा चोथा निथळून घ्या, तळाला वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घाला. ओल धरली की वास सुटतो, कागद ती शोषतो. तेलकट पिझ्झाचा खोकाही फाडून यातच टाकता येतो. डबा रिसायकलिंगच्याच दिवशी उचलतात. आदल्या दिवशी संध्याकाळी ६ नंतरच बाहेर काढा. दुपारी काढून ठेवलेला डबा उन्हात तापतो, शेजाऱ्यांची निम्मी तक्रार तिथूनच सुरू होते.